सहावी साडी

चोपड्याच्या बाजारपेठेत दलिचंदशेठचं किराणा दुकान जोरात चालायचं, पण शेठाणी पानबाईंच्या पेटीत पाचाच्या वर सहावी साडी कधी मुक्कामाला राहिली नाही. पाचोऱ्याच्या चातुर्मासात महासतीजींपुढे, म्हणजे जैन साध्वींपुढे, हात जोडून पानबाईंनी नेम घेतला होता: साड्या पाच. सहावी घरात आलीच, तर दिवस मावळायच्या आत कुठलीतरी एक घराबाहेर. तुम्ही म्हणाल, बिचारी! छे हो, बिचारी कसली! गावात सगळ्यात खुशीत कोण, असं विचारलं असतं तर लहान पोरांनीही त्यांच्याच दाराकडे बोट केलं असतं. पेटी उघडायची, हाताला येईल ती नेसायची, की मोकळ्या. मग शेजारणीचे पापड लाटून दे, कुणाचं तान्हं न्हाऊ घाल, आणि दुपारी अशी ताणून द्यायची की घोरणं पुढे दुकानात ऐकू यायचं.

त्यांची आणखी एक रीत होती. जेवण झालं की ताटात पाणी ओतायचं, बोटांनी ताट निपटून धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अन्नाचा कण वाया जायला नको. जुन्या जैन घरांत असं करणारी माणसं तेव्हा होतीच. पण सहासष्ट साली धुळ्याच्या कापडवाल्यांची कुसुमलता सून होऊन आली, आणि तिने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून परसात पळाली.

कुसुम दोन पेट्या भरून साड्या घेऊन आली होती. सासूने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. उलट, सुनेला मारवाडी रीतीने बिंदणी म्हणत सांगायच्या, "नेम ज्याचा त्याचा, बिंदणी. तू नेस. मला बघायला आवडतं." अशा सासूवर कोण रागावणार? कुसुमचा जीव होता त्यांच्यावर. फक्त चारचौघांत त्यांची लाज वाटायची, आणि लाज वाटते याची पुन्हा वेगळी लाज वाटायची.

कुसुमच्या धाकट्या भावाचं लग्न एकोणसत्तरच्या वैशाखात धुळ्याला व्हायचं ठरलं. सगळं माहेर जमणार, आणि तिथे सासू ठिगळाच्या साडीत! लोक काय म्हणतील? सून घरात लक्ष्मीसारखी मिरवते आणि सासूला धड नेसवत नाही, हेच ना? कुसुमने डोकं चालवलं. एक आली की एक जाते ना? मग पाच नव्या आणू, पाचही जुन्या आपोआप जातील. लग्नाला चांगले सहा महिने होते.

पहिली साडी दिवाळीत आली, हिरवीगार. पानबाईंनी ती गालाला लावली, लेकरासारख्या हसल्या, दिवसभर नेसून गल्लीत मिरवून आल्या. आणि दुसऱ्या दिवशी ती साडी कुसुमला दिसली भाजीवाल्या बेबाबाईच्या अंगावर!

"अहो बाईजी, जुनी द्यायची ना!"

"फाटकी कुणाला देऊ गं? दुसऱ्याला द्यायचं तर चांगलं द्यावं. फाटकं वापरायला आपण आहोत की."

कुसुमने पुढच्या सणाला पुन्हा साडी आणली. संक्रांतीची गेली, होळीची गेली, पाडव्याची गेली. कुसुम दारात उभी राहिली की तिचीच आवडनिवड गल्लीभर हिंडताना दिसायची. पेटीतल्या पाच मात्र होत्या त्याच, आणि त्यांतल्या त्यात बरी म्हणजे पदराला ठिगळ असलेली आमसुली.

पाचवी तिने राखून ठेवली, केशरी काठाची रेशमी. ती द्यायची लग्नाच्या सकाळी. दिवसभर अंगावर राहिली म्हणजे झालं, संध्याकाळी कुणालाही देवोत. पण हौसेला मोल नाही तशी अक्कलही नसते. आदल्या दुपारी कुसुमला राहवलं नाही, तिने साडी सासूच्या मांडीवर ठेवली. सकाळी एस.टी.साठी निघतात तोच धान्य निवडायला येणारी झुंबरबाई दारात हजर, डोळ्यांत पाणी.

"बिंदणीबाई, तुम्हनं लुगडं शे ना हाई? आज पोरले दखाले पाव्हना येणार शेतस. कशी राणीसारखी दिसी ऱ्हायनी मन्ही पोर!"

केशरी काठाची साडी कालच, दिवस मावळायच्या आत, पोरीला पाहुणे बघायला येणार म्हणून झुंबरबाईकडे गेली होती. धुळ्यापर्यंत एस.टी.त पानबाई कुसुमच्याच खांद्यावर डोकं टेकून घोरत होत्या, अंगावर आमसुली.

मांडवात जळगावची प्रेमकुंवरमामी भेटली. कुसुमच्या लग्नाला ती आली नव्हती, त्यामुळे चोपड्याच्या माणसांना ओळखत नव्हती. आल्या आल्या तिची नजर त्या ठिगळावर गेली.

"कुसुम, ती बाई कोण गं? तुझ्याबरोबर उतरली ती?"

कुसुम म्हणाली, "ती होय... आमच्याकडे असते. कामाला."

पानबाई दोन पावलांवर होत्या. त्यांनी ऐकलं. ऐकलं हे कुसुमने पाहिलं, आणि मेल्याहून मेल्यासारखी झाली. पानबाईंनी पदर खोचला, लापशीचं पातेलं उचललं आणि पहिल्या पंगतीत शिरल्या. "घ्या ना, अजून एक वाढू?" म्हणत मामीलाही आग्रह केला. मामीने अर्धी लापशी ताटात टाकून दिली. पुढच्या पंगतीलाही त्या वाढतच राहिल्या. चेहऱ्यावर राग नाही, रुसवा नाही. एक शब्द तरी बोलल्या असत्या, तर कुसुमला सुटल्यासारखं वाटलं असतं.

ऊन कलल्यावर वाढणाऱ्या बायकांची शेवटची पंगत बसली. कुसुम मुद्दाम सासूशेजारी बसली. तिने थोडंसं चिवडलं, थोडं ताटात तसंच राहिलं. जेवण झालं. पानबाईंनी ताटात पाणी ओतलं, बोटं फिरवली आणि ताट तोंडाला लावलं. समोर खाटेवर वारा घेत बसलेली मामी खिदळली.

"अगं बाई! कुसुम, बघ गं तुझ्या बाईचं!"

बायका वळून बघू लागल्या. कुसुमने लोटी घेतली आणि आपल्या ताटात पाणी ओतलं. डाळ, तूप, भात, सगळं त्यात कालवलं गेलं. एका दमात तिने ते पिऊन टाकलं. मग तोंड पुसून मोठ्याने, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मामी, मघाशी मी खोटं बोलले. या माझ्या सासूबाई आहेत."

मामीच्या हातातला पंखा थांबला. कुसुमला मान वर करवेना.

पानबाईंनी वाकून सुनेच्या ताटात पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीसारखाच होता.

"एक शीत राहिलंय बघ, बिंदणी."

कुसुमने ते बोटाने टिपलं आणि तोंडात टाकलं.