शनिवारची प्रॅक्टिस

सावद्याचा शालिग्राम नारखेडे भुसावळला रेल्वेत वायरमन होता. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली आणि त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. रेल्वे कॉलनीतल्या इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे क्लबच्या हॉलमध्ये तो एकदा पंखा दुरुस्त करायला गेला, तेव्हा अँग्लो-इंडियन मंडळींची बॉलरूम डान्सची प्रॅक्टिस चालू होती. त्यांच्यातल्या डोरीन आंटींचे ड्रायव्हर यजमान गाडी घेऊन खांडव्याला गेलेले, म्हणून आंटींना जोडीदार नव्हता. त्यांनी शालिग्रामच्या हातातला पाना काढून बाजूला ठेवला आणि त्याला ओढून उभं केलं. तेव्हापासून वर्षानुवर्षं त्याचा एकही शनिवार चुकला नाही.

पुढे एकेक कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघून गेलं. शहाऐंशी साली आंटीही निघाल्या. स्टेशनवर म्हणाल्या, "शाली, क्लब बंद नको पडू देऊ. नवीन माणसं आण."

त्यानं हॉलच्या फाटकावर पाटी लावली : 'डान्स शिकायला या. जोडीदार नसला तरी चालेल. साधे बूट चालतील.' लोक खिडकीतून डोकावायचे, फिदीफिदी हसायचे आणि निघून जायचे. शालिग्राम फरशी पुसायचा, रेकॉर्ड लावायचा, समोर जोडीदार असल्यासारखे हात हवेत धरून एकटाच वॉल्ट्झ करायचा. गाणं संपलं की पंख्याचा आवाज तेवढा राहायचा.

रेल्वे दवाखान्यात धुळ्याहून सुनंदाबाई नावाच्या नर्स बदलून आल्या. विधवा होत्या, क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. दवाखान्यातली वायर जोडता जोडता शालिग्रामनं धीर करून विचारलं, "शनिवारी हॉलवर येता का? प्रॅक्टिस असते."

"मी आणि नाच? भाऊ, बठ्ठा हसतीन माले!"

"हसणारे बाहेर असतात, बाई. आत मी एकटाच असतो. नाचू नका, नुसतं बसा."

त्या आल्या. दाराजवळच्या बाकावर पदर सावरून बसल्या, त्याला एकट्याला नाचताना बघत राहिल्या. शालिग्रामला फार लाज वाटली, तरी तो थांबला नाही. निघताना, पुढच्या शनिवारी आपणही शिकू, असं त्या म्हणून गेल्या. पुढच्या शनिवारी त्यानं सकाळीच दाढी केली, शर्टाला इस्त्री केली. आंटींनंतर पहिल्यांदाच कुणीतरी समोर उभं राहणार होतं.

सुनंदाबाई आल्या, पण सोबत शेजारच्या प्रमिलाबाईंना घेऊन.

"परपुरुषाचा हात धरला तर कॉलनीत राहणं अवघड होईल, भाऊ," त्या खाली बघत म्हणाल्या. "आम्ही दोघी एकमेकींचा धरतो. तुम्ही लांबून शिकवा."

तो दोन पावलं मागे सरकला. मग म्हणाला, "चालेल की."

दोघी सुरुवातीला एकमेकींच्या पायावर पाय देत हसून बेजार झाल्या. हळूहळू दवाखान्यातल्या आया आल्या, गार्डांच्या बायका आल्या. उन्हाळा संपेपर्यंत हॉल भरू लागला. पुरुष मात्र एकही आला नाही. नऊवारी, पाचवारी साड्या फरशीवर गोल गोल फिरायच्या आणि शालिग्राम ग्रामोफोनशेजारी उभा राहून "एक-दोन-तीन, एक-दोन-तीन" म्हणायचा.

एकदा प्रमिलाबाईंनी विचारलं, "भाऊ, तुम्ही नाही नाचत?"

"माझं झालं नाचून," तो म्हणाला. "तुमचा डावा पाय मागे राहतोय, तेवढा सांभाळा."

मग त्यानं रेकॉर्ड उलटी केली आणि पुन्हा मोजायला लागला.