लेकराच्या वजनातला कडता

तीन तालुक्यांत माह्यासारखा सरळ काटा धरनारा मापारी नव्हता. पन कळंबच्या कापसाच्या जिनात सेठनं मले ठेवलं होतं ते वाकडा धराच्यासाठी. कापसाची गाडी आली की मोजाची, अन् ओलाव्याच्या नावानं वजन थोडं कमी करून सांगाचं. त्याले कडता म्हनतात. कापूस उन्हात कडकडीत वाळला असला तरी कडता.

साठच्या मागंपुढं कधी तरी परदेशातली एक संस्था आमच्या सेठसंग जुडली. नक्की साल मले सांगता येत नाई, मी शाळेत गेलो तो निस्ता बैल पकडाले. दुबळ्या लेकरायले भुकटीचं दूध द्याचं होतं. दूध संस्थेचं, टिनाचं शेड सेठचं, काटाई सेठचा, अन् काट्यापाशी मी. संस्थेच्या नर्सबाई कार्ड लिवत. कार्डावर लाल रेघ. वजन रेघेखाली असलं तं दूध, वर गेलं की नाव बाद. माही दोन वर्साची पोट्टी रेघेखालीच होती. पाय पऱ्हाटीच्या काडीवानी.

पहिल्या महिन्यात मी वजन सांगत गेलो, बाई लिवत गेल्या. सारे पोट्टे रेघेखाली. बाईले शंका आली. त्यायनं एक लेकरू सोता तोललं.

"अर्धा शेर कुठं गेला हो?"

"ओलाव्यात गेला, बाई."

"लेकराला कसला ओलावा?"

"मांडीवर घेऊन पाहा."

बाई हासल्या नाईत. कोनाचं भलं कराचं म्हून मी केलं नव्हतं, हाताले तेच वळन होतं. तवापासून कडता बंद.

दुसऱ्या महिन्यात संस्थेचा मोठा साहेब आला. मी सरळ मोजलं, तं सारे पोट्टे कार्डावर एका महिन्यात अर्धा अर्धा शेर वाढले. साहेब खूश. बाई त्याले खरं सांगाले गेल्या, पन सेठ तवर साहेबाले हार घालून राह्यला होता. फोटो निघाला. त्यात सेठ हाये, साहेब हाये, काटा हाये, काट्यात माही पोट्टी हाये, अन् माहं एक कोपर हाये.

फोटो निघनार म्हून बायकोनं पोट्टीले नटवलं होतं. पायात चांदीचे वाळे, कमरेले करदोटा. मी उभ्या जन्मात धरला नाई इतका काटा सरळ धरला अन् मोठ्यानं वजन सांगितलं. रेघेच्या दोन छटाक वर. बाईनं नाव खोडलं.

घरी आल्यावर वाळे दिसले. तसाच पळत गेलो.

सेठ म्हने, "दूध हमारा थोडी है. बाई को पूछ."

बाई म्हने, "यादी सेठच्या ऑफिसातून जाते. तिथं सांगा."

ऑफिसातला बाबू म्हने, "साहेबाची सही झाली. आता तीन महिन्यांनी."

"वाळे काढून एकडाव मोजा ना."

"फोटोत पोरगी चांगली दिसते की."

आठ दिवस मी शेडातून ऑफिसात अन् ऑफिसातून शेडात चकरा मारल्या. दोन घरचा पाहुना उपाशी म्हनतात, तसं माह्या पोट्टीचं झालं. दुधाचे पोते बाजूलेच रचलेले, अन् त्यायवर बसून मी वाट पाहून राह्यलो.

नवव्या दिवशी घरी आलो. बायकोनं पोट्टीचे वाळे काढून माह्या हातात ठेवले.

"जनमभर लोकायच्या कोरड्या कापसाले कडता लावला तुमी," बायको म्हने. "एक डाव घरच्या लेकराले लावाचा होता, तं तेवढा तुमाले सुचला नाई."