सुरेखाच्या दोन ओळी

सुरेखा गेल्याचं मला कळलं ते आमच्या जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. बातमी टाकली होती आमच्या तेव्हाच्या साहेबांनी. ‘सुरक्षिततेबाबत कमालीची आग्रही अशी सहकारी आपण गमावली,’ असं त्यांनी लिहिलं होतं आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्या रांगेत माझेही हात आहेत. ते पाठवून मी फोन पालथा ठेवला आणि स्वयंपाकघरात नुसता उभा राहिलो. बायकोनं विचारलं, ‘‘काय झालं?’’ म्हणालो, ‘‘ऑफिसातली एक जण गेली.’’ एवढंच. याला आता पाच आठवडे झाले…

सुरेखा धायरीची. तिच्या लहानपणी ते गाव होतं; ती इंजिनिअर होईपर्यंत तिच्या घरच्या वावरात इमारती उभ्या राहिल्या होत्या. ऑफिसात आम्ही बरेचसे पेठांतले, बाकीचे इंग्रजीतच बोलणारे. ती भर मीटिंगमध्ये ‘‘असं हाय बघा’’ म्हणायची आणि लोक गालातल्या गालात हसायचे. मीही हसलोय. पण प्रोग्राम वाचायला तिच्यासारखं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. शीतगृहात थंडाव्यासाठी अमोनिया वायू वापरतात. तो गळायला लागला की भोंगा वाजवणारं यंत्र आम्ही बनवत होतो. त्याच्या आतला प्रोग्राम सी भाषेतला, बराचसा माझ्याही आधीच्या कोणीतरी लिहिलेला. सगळे त्याला हात लावायला घाबरायचे. ही मात्र डबा खाताना छापील कागद पुढ्यात घेऊन ओळ न् ओळ वाचत बसायची.

त्यात तिला एक जागा सापडली. वायू मोजणारी उपकरणं तारेवरून निरोप पाठवत आणि निरोप किती लांब आहे तो आकडा सुरुवातीलाच असे. आमचा प्रोग्राम त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा आणि तेवढ्या लांबीचा अ‍ॅरे, म्हणजे मेमरीतली तेवढी सलग जागा, तिथल्या तिथे मांडायचा. यंत्राची मेमरी चिमूटभर. तारेत गडबड होऊन आकडा भलताच मोठा आला, की शेजारचं सगळं पुसलं जायचं आणि यंत्र बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. मला समजावताना ती म्हणाली, ‘‘सर, पाव्हणा म्हणला चारशे माणसं आणतो, म्हणून कुणी चारशे ताटं मांडतं का? आधी आपलं घर केवढं हाय ते बघायचं. जास्त आले तर दारातच सांगायचं, जागा नाही.’’ तिनं दोनच ओळी घातल्या. लांबीला कमाल मर्यादा. आकडा त्याच्यावर गेला, की निरोप टाकून द्यायचा आणि बिघाडाचा दिवा लावायचा. मी स्वतः चालवून पाहिलं. चोख काम होतं.

त्याच आठवड्यात यंत्रं रवाना व्हायची होती. प्रोग्राम बदलला, की सगळ्या चाचण्या पुन्हा कराव्या लागणार. साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. तिनं टेबलावर यंत्र ठेवून मुद्दाम चुकीचा आकडा पाठवला. यंत्रावरचे दिवे गेले. आम्ही तिघंही त्या काळ्या काचेकडे बघत राहिलो. दीड मिनिटानं दिवे आले.

‘‘एवढ्या वेळात वायू सुटला तर?’’ तिनं विचारलं.

‘‘दीड मिनिटात कोण मरतंय?’’ साहेब म्हणाले. ‘‘काढ त्या ओळी. पुढच्या वेळी बघू.’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिचा वरिष्ठ. मला प्रमोशन मिळायचं होतं, आणि ते कोणाच्या सहीनं मिळणार हेही मला माहीत होतं. मी म्हणालो, ‘‘काढ सुरेखा आत्तापुरत्या. नंतर घालूच की.’’ तिनं काढल्या. बदलाच्या नोंदीत लिहिलं, ‘सांगितल्याप्रमाणे काढल्या.’

काही महिन्यांनी शहराबाहेरच्या एका शीतगृहात अमोनिया गळला. तिथे तारेतली गडबड थांबलीच नाही, त्यामुळे यंत्र सुरू होत, बंद पडत, पुन्हा सुरू होत राहिलं. भोंगा वाजलाच नाही. बटाट्याची पोती लावायला आत गेलेल्या एका कामगाराचे दोन्ही डोळे गेले. मेलं कोणी नाही. साहेबांचं म्हणणं तेवढं खरं ठरलं.

चौकशी बसली. कागद बघितला तर सुरक्षेच्या ओळी काढणारी सुरेखा. कोणाच्या सांगण्यावरून, असं विचारल्यावर तिनं साहेबांचं नाव घेतलं. साहेबांनी साफ नाकारलं. मग तिच्यादेखतच मला बोलावलं. ‘‘आपल्यासमोर असं काही बोलणं झालं होतं का?’’ मी म्हणालो, ‘‘आठवत नाही.’’ समोरच्यांनी ते लिहून घेतलं आणि मला चहा दिला… तो चहा मी प्यायलो.

तिला जावं लागलं. पुढे कुठेही मुलाखतीला गेली, की ती गोष्ट तिच्या आधी तिथे पोचलेली असायची. शेवटी भावाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर तिनं शिकवणी सुरू केली. इकडे त्याच दोन ओळी गुपचूप परत घातल्या गेल्या आणि साहेब ‘सुरक्षित प्रोग्रामिंग’वर व्याख्यानं द्यायला लागले. मला प्रमोशन मिळालं. एकदाच ती मला सिंहगड रस्त्यावर भाजी घेताना भेटली. मी नजर चुकवायच्या आत म्हणाली, ‘‘वळखलं का सर? काय नाही, तुम्हाला विसरायला होतं, म्हणून विचारलं.’’ आणि मेथीची जुडी निवडायला लागली. पुढे तिला कॅन्सर झाल्याचं कळलं. जाईन जाईन म्हणत मी गेलो नाही.

गेलो तो ती गेल्यावर. तिची आई जोत्यावर बसली होती. मी नाव सांगितलं तशी म्हणाली, ‘‘मिलिंद सर व्हय? बसा.’’ मी सगळं सांगितलं. केबिन, दोन ओळी, चौकशी, माझं उत्तर. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘तिला हे ठाव हुतं?’’

‘‘हो. ती तिथेच होती.’’

‘‘मग मला कशाला सांगता? मला माझी पोरगी ठाव हाय. तो आंधळा झालेला माणूस, त्याला ती दर महिन्याला भेटाया जायाची. तुमच्यातलं कुणी गेलं?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

‘‘भावकीत अजून म्हणतात, हिनं मशीन बिघडवलं म्हणून माणूस आंधळा झाला. त्यास्नी सांगा. पेपरात लिवा.’’

मी म्हणालो, लिहीन. मग, अजूनही स्वतःला सांभाळत, विचारलं, ‘‘कोणाकोणाची नावं लिहू?’’

‘‘तुमचं लिवा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बाकीचे त्यांचं त्यांचं लिवतील.’’