चिपाडाची खोली

"साखरेचा कण नाही त्यात, म्हणत होता ना? मग हे काय माझ्या माहेरनं आलंय?" पद्मजाने केरसुणीचं टोक नवऱ्याच्या नाकापर्यंत नेलं. टोकाला मुंग्या लगडल्या होत्या आणि मधोमध एक पांढरी, लिबलिबीत अळी वळवळत होती.

"दार लाव आधी," उन्मेष मागे सरकत म्हणाला. "बाहेरचा आवाज आत येतोय."

उन्मेष पाटबंधारे खात्यात कारकून. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, त्यामुळे त्याची खुळं घरात खपून जात. मधमाश्यांच्या पेट्या झाल्या, गच्चीवर अळंबी झाली. आण्णांनी, त्याच्या वडिलांनी, जुनी जीप काढून टाकली तेव्हा गॅरेज रिकामं झालं. तिथे त्याने लेकीच्या गाण्यासाठी स्टुडिओ काढला. उघड्या भिंतींवर आवाज घुमतो, त्यांना मऊ अस्तर लागतं, एवढं त्याने कुठंतरी वाचलं होतं. मग कागलकडच्या एका गुऱ्हाळातून उसाची चिपाडं आणली, कुटली आणि गोणपाटामागे छतापर्यंत ठासली. खिडकीही तशीच बुजवली. घरातल्या प्रत्येकाला आत नेऊन टाळी वाजवायला लावली.

"बघा, मेली की नाही टाळी?"

"मेली खरं," आण्णा म्हणाले होते. "पर उसाला मुंगी लागती, हे कुणी सांगाय पायजे व्हय रं?"

उन्हाळाभर खोली बरी होती. जुलैत भिंती ओलावल्या आणि चिपाडं आंबली. गोणपाटावर काळी बुरशी चढली, हात लावला की बोटं चिकटायची. त्यावर उन्मेषने मोगऱ्याचं अत्तर शिंपडलं. तेव्हापासून जो तो नाक दाबूनच आत शिरायचा. भैरवी त्या वासात रोज दोन तास गात होती. एकोणीस वर्षांची पोर, गायनाच्या शिष्यवृत्तीसाठी कॅसेट पाठवायची होती. वयाच्या अटीत ती यंदापुरतीच बसत होती आणि अर्जाला शनिवार शेवटचा दिवस. आठवड्यापासून तिला खोकला लागला होता. डॉक्टरांनी त्या खोलीत पाऊल टाकू नको म्हणून सांगितलं होतं. उन्मेषचं म्हणणं, डॉक्टरला गाण्यातलं काय कळतंय.

आताही भैरवी त्या खोलीच्या दारात उभी होती, पदराने तोंड झाकून.

"बाबा, वरचा सा लागत नाही. घसा खरवडतोय."

"रुमाल बांध तोंडाला."

"रुमाल बांधून गाऊ?"

"पातळ घे की मग. मलमलचा."

आण्णा व्हरांड्यातनं ओरडले, "आरं, पोरगी हाय का बैल, मुसकी बांधाय?"

पद्मजाने केरसुणी झटकली. अळी उन्मेषच्या चपलेवर पडली. त्याने पाय झाडला, आणि त्याच पायाने ती फरशीवर चिरडली. पद्मजा त्या डागाकडे बघत राहिली. या माणसाच्या ताटात एकवीस वर्षं वाढलं, याचीच तिला शिसारी आली.

"गाद्यांच्या खोलीत बस," ती लेकीला म्हणाली. "भिंतीला रजया टांगते."

"तिथं स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं," उन्मेष म्हणाला. "कुकर, मिक्सर. टेप खराब होईल."

"शनिवारपर्यंत या घरात चूल पेटणार नाही," पद्मजा म्हणाली. "आण्णांना माझ्या वहिनीकडनं डबा येईल. तुमचं तुम्ही बघा."