अठरा तास झोपणारी पाहुणी

पहिल्या दिवशी मी वहीत लिहिलं, "झोप: सतरा तास." दुसऱ्या दिवशी, "झोप: अठरा तास. मधे उठून खाल्लं, परत झोपली." तिसऱ्या दिवशी मात्र मला राहवेना, आणि मी तिला चक्क वेळापत्रक करून दिलं.

ती म्हणजे आमच्या शेजारच्या मावशींची फेरेट. मुंगसाच्या चणीचा, पण त्याहून मऊ आणि लवचीक असा हा प्राणी इथं काही लोक मांजरासारखा घरात पाळतात. हिच्या अंगावर दुधाळ केस आणि डोळ्यांभोवती काजळ ओघळल्यासारखे पट्टे. मावशींच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं, त्यानंतर काही दिवस त्यांना व्यायामाच्या केंद्रात राहावं लागणार होतं. तेव्हा पिंजरा, त्यात टांगलेली कापडी झोळी, खाण्याची पिशवी आणि सूचनांचा एक कागद असं सगळं दोन आठवड्यांसाठी आमच्या घरी आलं.

मावशी म्हणजे अर्थातच सख्ख्या मावशी नव्हेत. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात आम्ही नवीन राहायला आलो, तेव्हा या सत्तरीला टेकलेल्या निवृत्त शिक्षिकेला नावानं हाक मारायला माझी जीभच वळेना. "मग आम्ही म्हणतो तसं मावशी म्हणू का?" असं मी विचारलं. त्यांना तो शब्द इतका आवडला की दारावरची बेल वाजवून त्या स्वतःच "माऽशी आली" असं ओरडायला लागल्या.

त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी तालुक्याच्या गावात शिकले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. लग्नानंतर इथं आले, मुलगी झाली, आणि पुन्हा शिकायचं ठरवलं तेव्हा ती दहा महिन्यांची होती. दोन वर्षं, आठवड्यातल्या चार दुपारी, मावशींनी तिला सांभाळलं. मी कॉलेजातून परत आले की त्या माझ्या हातात चिठ्ठी ठेवायच्या. "एक ते दोन चाळीस झोपली. अर्धं केळं खाल्लं. खिडकीतल्या खारीला पाहून हसली." वर्गात बसून मी जे जे चुकवलं, ते त्या चिठ्ठीत असायचं. आजही त्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्याकडे एका डब्यात आहेत. त्यामुळे त्यांची फेरेट माझ्या ताब्यात आली, तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती. माझी पोर त्यांनी जशी हातात परत दिली, तशीच ही त्यांच्या हातात परत द्यायची, सुखरूप आणि वहीसकट!

आता सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं, "ती खूप झोपते." पण आमच्या घरात खूप म्हणजे किती? माझी आई पहाटे चार वाजता ओला हात माझ्या डोळ्यांवरून फिरवायची आणि मी अभ्यासाला बसायचे. सहा तास झोप म्हणजे चैन, आठ तास म्हणजे ताप आलाय. आमचे गुरुजी म्हणायचे, झोप आणि यश एका घरात नांदत नाहीत. अशा घरातून आलेल्या बाईनं अठरा तासांचं काय करायचं?

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडेच होती, आणि नवरा कंपनीच्या कामाला टेक्ससला गेला होता. आईनं पहिल्याच दिवशी पिंजऱ्यात डोकावून जाहीर केलं, "हे मुंगूस आहे. सकाळी उठल्या उठल्या मुंगूस दिसणं चांगलं असतं." त्यानंतर ती रोज सकाळी चहाच्या आधी पिंजऱ्याजवळ जायची आणि तिसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आली.

"अगं, शकुन तरी कसा घ्यायचा? हे तर पाठ करून झोपलंय."

"तिला मालकिणीची आठवण येत असेल, आई."

"आठवण येणारं माणूस झोपतं का? आळशी आहे झालं. तुला असं झोपू दिलं असतं तर आज इथं असतीस का?"

म्हणून ते वेळापत्रक. सात वाजता उठणे, सव्वासातला खाणे, आठ ते दहा खेळ, मग दुपारी थोडी विश्रांती. मी ते पिंजऱ्यावर चिकटवलं, अगदी दहावीला भिंतीवर चिकटवायचे तसं. माझी बारा वर्षांची मुलगी शाळेतून आली, तिनं ते वाचलं आणि दप्तर खाली टाकलं.

"मॉम, शी इज अ फेरेट. शी इज नॉट गोइंग टू मेडिकल स्कूल."

"पण बेटा, सवय लागायला नको?"

"कसली सवय? होमवर्कची?"

मी दोन दिवस खरोखर तिला उठवायचा प्रयत्न केला. घरून काम करताना पिंजरा शेजारी ठेवला आणि ठरल्या वेळी झोळी हलवली. ती एक डोळा उघडायची, माझ्याकडे असं बघायची, जणू मीटिंगमधे माझाच माइक चालू राहिलाय, आणि पुन्हा गुंडाळी करून झोपायची. पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला, बाहेर उजेड उतरायला लागला की, कुणी न उठवता स्वतःच उठायची, आणि मग दोन तास घरात वादळ! सोफ्याखालून स्वयंपाकघरात, तिथून जिन्यावर, तिथून माझ्या चपलेत. आईचा एक लोकरी मोजा तिनं पळवला, मग दुसरा, मग टीव्हीचा रिमोट ओढत सोफ्याखाली नेला. सकाळी उजाडतानाही तसाच एक तास. मधला सगळा दिवस झोळीत. मी वहीत लिहीत होते, पण लिहिलेलं मला दिसत नव्हतं. माझं लक्ष फक्त बेरजेवर होतं.

सहाव्या दिवशी शनिवार होता. नोव्हेंबरातला लख्ख, कडक थंडीचा, ऊन पडलेला दिवस. बारा वाजून गेले तरी सकाळचं खाणं तसंच पडलं होतं. मी झोळीत हात घातला आणि तिला उचललं.

ती माझ्या हातातून दोन्ही बाजूंनी लोंबली. मान सैल, पाय सैल. मी हाक मारली, हलवलं, टाळी वाजवली, पंजा दाबला. काही नाही. छातीवर बोट ठेवलं, पण दाट केसांखाली काही हलतंय का ते कळेना. मुलगी धावत आली.

"मॉम? मॉम, इज शी डेड?"

काय करावं ते सुचेना, म्हणून हातानं जे सहा दिवस केलं होतं तेच केलं, घड्याळात पाहिलं आणि वहीत लिहिलं. सहा दिवस मावशींसाठी इंग्रजीत लिहीत होते, पण त्या वेळी मराठीच आलं. "बारा चाळीस. श्वास दिसत नाही. संपलं." माझ्या डोळ्यांसमोर मावशी होत्या, वॉकर धरून दारात उभ्या, आणि माझ्या हातात रिकामी झोळी.

मुलगी रडत रडत फोनवर प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर शोधू लागली. आई मात्र उठली. स्वयंपाकघरातल्या खिडकीत, थंडीमुळे आत आणलेल्या कुंडीतलं तुळशीचं पान तिनं खुडलं, आणि देव्हाऱ्यातला गंगाजलाचा छोटा गडू फोडला. तो तिनं गावाहून सामानात गुंडाळून आणला होता, स्वतःसाठी. "परदेशात आहे, काही झालं तर जवळ असावा," असं तेव्हा म्हणाली होती.

"आई, तो तुझा..."

"गप. पाहुणी आहे आपल्या घरची. अशी कोरडी नाही जाऊ द्यायची."

आईनं तिला मांडीवर घेतलं, तोंडावर तुळशीचं पान ठेवलं आणि दोन थेंब सोडले. मुलीनं फोन खाली केला. आम्ही दोघी हात जोडून उभ्या.

आधी मिशी हलली. मग एक गुलाबी जीभ बाहेर आली आणि तिनं पाणी चाटलं. मग तोंड उघडलं, आणखी उघडलं, इतकं की आतले सगळे दात दिसले, आणि तिनं अशी सावकाश, रुंद जांभई दिली की मी आयुष्यात तशी जांभई पाहिली नाही! तुळशीचं पान जिभेला चिकटलं होतं. ते तिनं शिंकून उडवलं, अंग थरथरवलं आणि आईच्या मांडीवरून खाली उडी मारली.

आणि नाचली! पाठीची कमान करून, चारही पाय एकदम उचलून, आडवी आडवी उड्या मारत, तोंड उघडं, शेपटी बाटली घासायच्या ब्रशसारखी फुललेली. भिंतीवर आपटली, पडली, उठली, पुन्हा नाचली. घशातून कोंबडीसारखा डुक डुक डुक आवाज! मुलगी रडता रडता हसायला लागली आणि तिच्याबरोबर आडवी उड्या मारायला लागली.

"अगं बाई," आई म्हणाली, "माझं गंगाजल कामाला आलं!"

मी वही ओढली. "बारा बावन्न. नाचली." खाली दोन रेघा मारल्या.

दवाखान्याचा नंबर सापडलाच होता, तर मुलीनं फोन करून विचारून घेतलं. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की फेरेट कधी कधी अशी मेल्यासारखी झोपतात, हलवून उठत नाहीत. उठल्यावर थरथरतात तेही नेहमीचंच. आता ती खातेय, नाचतेय, तर काळजी नको, मात्र कमजोर दिसली तर लगेच घेऊन या. आणि उजाडताना नि मावळताना जागं राहणं हाच त्यांचा स्वभाव.

मी वही पहिल्यापासून चाळली. सहाही दिवस तेच लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. मी उठले आणि वेळापत्रक काढून टाकलं.

मावशी परतल्या त्या दुपारी आम्ही त्यांना घरी जेवायला बोलावलं. वॉकर बाजूला ठेवून त्या सोफ्यावर बसल्या आणि मी वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून एकेक पान वाचलं, जसं मी त्यांच्या चिठ्ठ्या वाचायचे. शनिवारच्या पानावर आल्यावर थांबल्या.

"हे तुमच्या भाषेत आहे. आणि खाली दोन रेघा. काय झालं त्या दिवशी?"

काहीही सांगता आलं असतं. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी सगळं सांगितलं. वेळापत्रक, झोळी हलवणं, तुळशीचं पान, गंगाजल. "मी तिला तुमच्या हातात परत देऊ शकणार नाही असं वाटलं," मी म्हणाले.

मावशी हसायला लागल्या, मग ऑपरेशनच्या जागी हात दाबून "नको नको, दुखतंय" म्हणत हसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझी मुलगी माझ्याकडे पहिल्या दुपारी झोपली ना, इतकी गाढ झोपली की मी तिच्या नाकाशी आरसा धरला होता. तीनदा. ते मी चिठ्ठीत लिहिलं नाही."

"एक ते दोन चाळीस?" मी विचारलं. ती चिठ्ठी मला पाठ होती.

"एक चाळीसला, दोनला आणि सव्वादोनला."

आईला हे भाषांतर करून सांगावं म्हणून मी वळले. खिडकीजवळच्या खुर्चीत, उन्हात, आई मान टाकून बसली होती. तिच्या स्वेटरच्या बाहीतून दुधाळ शेपटीचं टोक बाहेर आलं होतं. दोघींची तोंडं किंचित उघडी. जन्मात दुपारी न झोपलेली माझी आई!

मुलगी हळूच पुढे वाकली.

"मॉम, आरसा आणू?"

"मी जागी आहे," आई डोळे न उघडता म्हणाली. "आणि हिला कुणी उठवू नका."