कोटापुरतं माप

मास्तरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, मापं राहत. एकदा भर रस्त्यात एका वकिलाने नमस्कार केला तर यांना ओळखच पटेना. वकील बिचारा ओशाळून पुढे निघाला, पाठमोरा झाला, तेव्हा मास्तर मागून ओरडले, "अहो, डावा खांदा उतरता! वकीलसाहेब ना तुम्ही?" वकीलसाहेब त्यानंतर दुसऱ्या शिंप्याकडे जाऊ लागले. मास्तरांना त्याचं वाईट वाटलं नाही. उतरता खांदा तो उतरताच, दुसरा शिंपी काय तो वर उचलणार होता?

त्रेचाळीस वर्षं त्यांनी एकाच दुकानात, एकाच मशीनवर काढली. बायको गेली त्याच्या आठव्या दिवशी दुकान उघडलं, कारण तिघा गिऱ्हाइकांचे कपडे कापून पडले होते आणि दिलेली तारीख जवळ आली होती. लोक म्हणाले, या माणसाचं काळीज दगडाचं आहे. मास्तर म्हणाले, असेल, पण कपडे वेळेवर गेले. त्यांना कुणी कधी हळवं झालेलं पाहिलं नव्हतं, आणि पाहायला मिळेल अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा परदेशातल्या लेकीने फोनवर निर्वाणीचं सांगितलं, "बाबा, सहा महिने माझ्याकडे यायचं. नाहीतर मी नोकरी सोडून तिकडे येते." ती तसं करेल याची मास्तरांना खात्री होती, हट्ट तिने त्यांच्याकडूनच घेतला होता. दुकानाला कुलूप लागलं.

लेकीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. ती आणि जावई सकाळी आठला बाहेर पडत ते अंधार पडता पडता उगवत. मास्तरांना तिथली भाषा येत नव्हती, आणि खिडकीतून दिसणाऱ्या माणसांचे खांदे मोजून मोजून किती मोजणार? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. मास्तरांनी पहिल्या पंधरवड्यात सुईदोऱ्याने घरातले निम्मे पडदे आखूड केले, जावयाच्या पँटी कमरेत आवळल्या, आणि उशांच्या अभ्र्यांना काजं करून बटणं लावली. जावई भला माणूस. "छान झालंय, बाबा," म्हणाला, आणि बटण गालाला टोचतं म्हणून उशी उलटी करून झोपू लागला.

लेक फिजिओथेरपिस्ट होती. दर शनिवारी ती गावाबाहेरच्या एका अनाथाश्रमात दोन मुलांच्या पायांचे व्यायाम घ्यायला जायची. तिसऱ्या शनिवारी ती म्हणाली, "बाबा, तुम्हीही चला. मुलांना भेटा. निदान उरलेले पडदे तरी वाचतील."

"मी जाऊन काय करू? मला उसासे टाकायला जमत नाही."

उसासे टाकणाऱ्यांची तिथे वाण नव्हतीच. शनिवारी पाहुणे येत, खाऊ वाटत, मुलांना मांडीवर घेऊन फोटो काढत, डोळे पुसत आणि पाचच्या ठोक्याला घरी जात. मुलं हे सगळं सवयीने सोसत. मास्तरांना ते बघवेना. दया आली म्हणून नव्हे, मुलांच्या अंगावरचे कपडे बघवेनात म्हणून. कुणाच्या बाह्या कोपराच्या वर, कुणाचा गळा पाठीवर घसरलेला, एकाच्या पँटला बटणाच्या जागी पिन. ते उठले आणि वाट दिसेल तिकडे चालू लागले. जिन्याखालच्या एका लांबट खोलीत त्यांना झाकण घातलेलं शिवणयंत्र सापडलं.

शिवणकामाची बाई वर्षापूर्वी काम सोडून गेली होती. खोलीत उसवलेल्या कपड्यांचे ढीग साठले होते. मास्तरांनी झाकण काढलं, चाक हाताने फिरवून पाहिलं, आणि लेकीला शोधत जाऊन म्हणाले, "तेल आण." अनाथाश्रम चालवणाऱ्या मोठ्या बाईंना लेकीने विचारलं तेव्हा त्या एवढ्या खूश झाल्या की तेल घेऊन स्वतःच आल्या.

त्या दिवसापासून मास्तरांचा शनिवार ठरून गेला. चार तास चेन बसवायच्या, बटणं लावायची, तुरपाया करायच्या. मुलं फाटकं आणून देत, शिवलेलं घेऊन जात. बोलणं नाही, उसासे नाहीत. मुलांना हा म्हातारा आवडू लागला तो बहुधा याच कारणाने. तो कुणाच्या गालाला हात लावत नसे आणि कुणाला मोठेपणी काय होणार असंही विचारत नसे.

त्यांतच ती एक होती, नऊ वर्षांची, काटकुळी, छाती साडेचोवीस. मास्तरांच्या लेखी तिचं नाव तेच पडलं. ती रोज एक देणगीत आलेला कोट घालायची. तो कुणातरी थोराडाचा होता. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या तीनदा दुमडलेल्या, आणि गळ्यातून वारा आत शिरत असणार हे दुरूनही कळत होतं. मास्तरांना येऊन चार महिने झाले होते आणि थंडी तोंडावर आली होती. मास्तर तीन शनिवार तो कोट बघत राहिले. चौथ्या शनिवारी त्यांचे हात फारच शिवशिवले. साडेचोवीस मोजे घेऊन आली तेव्हा त्यांनी तिला खुणेने उभं केलं आणि पिशवीतली टेप काढली.

इतके दिवस दुरुस्तीच्या कामाला टेप लागलीच नव्हती. त्यांनी खांदा घेतला, छाती घेतली, बाही, लांबी, काखेजवळचा मुंढा, सगळं रीतसर घेतलं आणि खिशातल्या वहीत मांडलं. पोरगी श्वास रोखून ताठ उभी होती. दारात चार-पाच मुलं होती, तीही एकदम गप्प झाली. मास्तरांना वाटलं, माप घेण्यातली आपली सफाई बघून गप्प झाली असतील. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीही माणसाला स्तुतीचा मोह सुटत नाही.

घरी येऊन त्यांनी लेकीचा एक जुना लोकरी कोट मागून घेतला. रंग डाळिंबी, कापड जाड. तो सगळा उसवला, कापड उलटं करून नव्याने कापलं, आणि आठवडाभर जेवणाच्या टेबलावर बसून हाताने शिवला. वाढतं अंग म्हणून बाह्यांत दोन इंच माया ठेवली. जावई त्या आठवड्यात सोफ्यावर बसून जेवला. शुक्रवारी संध्याकाळी इस्त्री झाली तेव्हा मास्तर इतके खुशीत होते की त्यांनी आपण होऊन चहा केला.

शनिवारी दारातच मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी लेकीला बाजूला घेतलं आणि बराच वेळ बोलत राहिल्या. लेकीचा चेहरा उतरत गेला. मास्तर हातात पिशवी धरून बघत होते.

"बाबा, तुम्ही गेल्या खेपेला त्या मुलीचं माप घेतलंत?"

"घेतलं. मग?"

"इथे माप एकदाच घेतात." लेक म्हणाली. "एखाद्या मुलाला घर मिळालं की. कुणी दत्तक घ्यायचं नक्की झालं की त्या मुलाला मापाचे नवे कपडे शिवतात. इथलं काही घालून पाठवायचं नाही, असा त्यांचा पहिल्यापासूनचा रिवाज आहे. टेप निघाली म्हणजे मूल जाणार, हे इथल्या चार वर्षांच्या पोरालाही माहीत असतं."

मास्तरांनी पिशवीतल्या कोटाकडे पाहिलं.

"आणि निघायच्या दिवसापर्यंत त्याबद्दल बोलायचं नाही, बोललं की मोडतं, असं मुलांनी आपसात ठरवलेलं असतं. म्हणून आठवडाभर कुणाला पत्ता नव्हता. तिने आपल्या पेन्सिली वाटून टाकल्या. काल शाळेत बाईंचा निरोप घेतला. आज सकाळपासून खाटेवरची चादर घडी करून बसली आहे."

करायला गेलो एक अन् झालं भलतंच, असं माणूस एरवी सहज म्हणून जातो. मास्तरांना ते तोंडातून काढता येईना. उभ्या आयुष्यात त्यांनी हजारो मापं घेतली होती, एकही चुकलं नव्हतं. हेही चुकलं नव्हतं, आणि तरी त्याने एका पोरीचं घर बांधून पाडलं होतं. 

मोठ्या बाई म्हणत होत्या की आम्ही तिला हळूहळू समजावू, तुम्ही आज घरी गेलात तरी चालेल. लेकीने तसं सांगितलं.

"माप कुणी घेतलं? मी. मग मीच सांगणार. तू फक्त माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचव, मध्ये आपलं काही घालू नको."

साडेचोवीस शिवणाच्या खोलीत आली ती केस विंचरून, हातात एक लहान पिशवी घेऊन. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. खोलीत तिघंच होती. मास्तरांनी घसा साफ केला.

"हिला सांग, माझी चूक झाली."

"बाबा, आधी थोडं काहीतरी..."

"कापड वाकडं कापलं गेलं तर गिऱ्हाइकाला आधी ते सांगायचं असतं. सांग."

लेकीने सांगितलं. मुलगी लेकीकडे बघतच नव्हती, ती मास्तरांकडेच बघत होती. तिने हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"विचारतेय, मग कोण येणार होतं?"

"कुणी नाही."

मुलीने आणखी काही म्हटलं. या वेळी लेकीला ते मराठीत आणायला वेळ लागला.

"तिला वाटलं होतं तुम्हीच नेणार. तुम्ही म्हातारे आहात ते चालेल, म्हणते."

 लोकांनी दगडाचं ठरवलेलं मास्तरांचं काळीज त्या वेळी जागेवर नव्हतं एवढं नक्की. पण आवाज त्यांनी हलू दिला नाही.

"नाही म्हणून सांग. मी इथला नाही, महिनाभराने परत जाणार, मला नेता येणार नाही. 'बघू' वगैरे म्हणू नको. 'बघू' म्हटलं की माणूस वाट बघत बसतं."

"मग माप कशाला घेतलंत, असं विचारतेय."

"कोटासाठी."

"नुसत्या कोटासाठी?"

"नुसत्या कोटासाठी."

पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं, असं मास्तरांना वाटून गेलं. निदान रुमाल तरी पुढे करता आला असता. ती भिंतीवरच्या दोऱ्याच्या रिळांकडे बघत राहिली, मग तिने हात पुढे केला. कोट मागत होती. मास्तरांनी तो पिशवीतून काढून दिला. तिने तो स्वतःच चढवला, सगळी बटणं खालून वर लावली. खांद्यावर असा बसला की मास्तरांना दुसऱ्या कुठल्याही दिवशी जेवण गोड लागलं असतं. सवयीने ते मुंढा बघायला पुढे झाले. तिने एक पाऊल मागे घेतलं, आणि ते तिथेच थांबले.

मुलगी लेकीला काही सांगून पिशवी उचलून चालू लागली.

"म्हणते, वर कुणी काही सांगायचं नाही. ती स्वतःच सांगणार आहे."

मोठ्या बाई, लेक आणि मास्तर तिच्यामागून जिना चढले आणि झोपायच्या खोलीच्या बाहेर थांबले. आत दोन रांगांत खाटा होत्या. सगळ्या मुली नव्या कोटाकडे बघत होत्या. साडेचोवीसने पिशवी आपल्या खाटेवर ठेवली आणि घडी केलेली चादर उलगडून अंथरायला घेतली. शेजारच्या खाटेवरच्या एका धाकटीने तिला काही विचारलं. चादरीचा कोपरा गादीखाली खोचत तिने वर न बघता उत्तर दिलं. मोठ्या बाईंनी मान वळवली. लेकीने ओठ दाबून धरले.

"काय म्हणाली?" मास्तरांनी विचारलं.

"घरी गेल्यावर सांगते, बाबा."

"आत्ता सांग."

"त्या लहानीने विचारलं, तू गेली कशी नाहीस? तर म्हणाली, मीच नको म्हटलं." लेकीने पुन्हा आत पाहिलं. "कोट चांगला दिला, पण माणसं बरी नव्हती, म्हणाली."

मास्तरांना लाज वाटली, आणि त्या लाजेत थोडा अभिमानही मिसळलेला होता. कुणाचा, ते त्यांना सांगता आलं नसतं.

"बरोबर बोलली," ते म्हणाले.

खाली जाऊन त्यांनी मशीनवरचं राहिलेलं काम हाती घेतलं. पुढचे चारही शनिवार ते गेले आणि ढिगातलं शेवटचं फाटकं शिवून झाल्यावरच परतीच्या प्रवासाला निघाले. त्या चार शनिवारांत साडेचोवीस खोलीकडे एकदाही फिरकली नाही, आणि मास्तरांनी तिला एकदाही बोलावलं नाही.