आभाराची ओळ

बोरिवली आणि मुलुंडच्या मधे डोंगर आहे. नकाशावर वीतभरही अंतर नाही, पण जायचं म्हटलं की जोगेश्वरीपर्यंत खाली उतरा, पवईवरून पुन्हा वर चढा. संशोधनात जोडीदार विषयावरून ठरतो असं आम्ही प्राध्यापक भाषणात ठोकून देतो. थापा सगळ्या. ज्याच्याबरोबर रोजचा चहा होतो, त्याचं नाव पेपरात लागतं.

एमएस्सीपासूनची माझी मैत्रीण मुलुंडच्या कॉलेजात शिकवायची, मी बोरिवलीच्या. खाडीच्या चिखलातल्या किड्यांवर आम्ही दोघींनी काम काढलं. खाडी तिच्या बाजूला, चांगला मायक्रोस्कोप माझ्याकडे. ओहोटीला गुडघाभर चिखलात ती उतरायची, बरण्या भरून दोन बस बदलत माझ्याकडे तीच यायची. तीन वर्षं. मी एकदाही तिकडे गेले नाही. "तूच ये ना गं, मला कुठे जमतंय," म्हटलं की भागायचं.

माझ्या शेजारच्या खोलीत सांख्यिकीचे सर बसायचे. अकराच्या चहाला आमचे आकडे निघायचे. त्यांनी दोन आलेख काढून दिले. पेपर लिहिताना वादही त्यांच्याशीच झाले, आणि त्यांचं नाव माझ्या नावाशेजारी आपसूक जाऊन बसलं. तिला मी शेवटी आभारात टाकलं: नमुने गोळा करण्यास मदत. विसरले वगैरे नव्हते. तिला फोन करायची लाज वाटली, म्हणून केला नाही.

छापून आल्यावर तिचाच फोन आला.

"अगं, माझं नाव राहिलं का?"

"पुढच्या पेपरात टाकू ना यार. त्यात काय एवढं!"

"प्रमोशनसाठी माझ्याकडे हा एकच होता."

"बघू गं," मी म्हणाले. पुढचा पेपर झालाच नाही.

दोन वर्षांनी तिच्या बढतीच्या समितीवर विषयतज्ज्ञ म्हणून मलाच बोलावणं आलं. उमेदवार ओळखीची आहे असं कळवून सुटता आलं असतं. मान मिळत होता, म्हणून गेले.

अध्यक्षांनी तिला विचारलं, "मॅडम, प्रकाशित संशोधन?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं असतं तर माझी अब्रू तिथेच गेली असती.

"नाही, सर," ती म्हणाली.

ती बाहेर गेल्यावर अध्यक्ष माझ्याकडे वळले. पेपरासाठी एक वर्षाची सवलत देता येईल का, असं त्यांनी मला विचारलं. तिने मला वाचवलं होतं, आणि त्याचाच मला भयंकर राग आला होता.

"नियमात बसत नाही," मी म्हणाले, आणि नकाराच्या शेऱ्याखाली पहिली सही केली.